खात्यातील तुटीपोटी

"कार्ड तुमच्याकडेच असतं ना, दुधाळभाऊ?"

एवढंच मी विचारलं. आवाज चढवला नाही, बोट दाखवलं नाही. पण खोलीतले चहाचे कप वाजायचे थांबले आणि कार्यकारिणीच्या सगळ्यांनी दुधाळांकडे पाहिलं. ते खिडकीजवळच्या खुर्चीत रेक्झिनची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्यांनी पिशवीची चेन उघडली, संघाचं डेबिट कार्ड काढलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"माझ्याकडंच असतंय," ते म्हणाले.

याला आता पाच-सहा वर्षं झाली. कराडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची मी तेव्हा चिटणीस होते. संघ म्हणजे पालिकेच्या बागेतली एक खोली, चाळीस प्लास्टिकच्या खुर्च्या, एकशे बारा सभासद आणि त्यांच्या वर्गणीचं बँकेतलं एक खातं. अध्यक्ष कुंभोजकर साहेब, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनियर. खजिनदार शंकर दुधाळ, एसटीचे निवृत्त कंडक्टर. आणि मी हेमलता गुरसाळे, टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं काढलेली. त्यातली अठरा तक्रार विभागात. १९८ नंबर फिरवून लोक ज्या शिव्या घालायचे त्या मी ऐकल्या आणि बिघाड एक्स्चेंजमध्ये आहे, खांबावर आहे की गिऱ्हाइकाच्याच घरात आहे, हे बसल्या जागी सांगितलं. त्याचा मला फार गर्व होता. खोटं कशाला बोलू, थोडा अजून आहे.

सप्टेंबरअखेरीस वार्षिक सर्वसाधारण सभा होती. अहवाल छापायला द्यायचा म्हणून मी पहिल्यांदाच बँकेचं पूर्ण स्टेटमेंट काढून आणलं आणि पट्टी ठेवून ओळ न् ओळ वाचलं. दर महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला तीनशे नव्व्याण्णव रुपये जात होते. समोर नाव होतं 'ओर्वेन डिजिटल'. आदल्या वर्षीच्या मार्चपासून सरत्या ऑगस्टपर्यंत, अठरा वेळा. म्हणजे सात हजार एकशे ब्याऐंशी रुपये. या नावाचा माणूस, दुकान किंवा कंपनी आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हती.

दुधाळांचं म्हणणं असं, की दर महिन्याला फोनवर मेसेज यायचा, तो इंग्रजीत असायचा आणि त्यांना वाटायचं बँकच आपलं काहीतरी कापतेय. मी त्यांना विचारलं की अठरा महिने वाटतच राहिलं का? कुंभोजकर साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की विषय गंभीर आहे, सभेच्या आधी छडा लागला पाहिजे, आणि हे काम गुरसाळे बाईंनी करावं. मला तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी बँकेत हजर. काउंटरवरची मुलगी भली होती. तिने संगणकात बघून सांगितलं की ही कुठल्यातरी अ‍ॅपची वर्गणी आहे, पण कुठल्या अ‍ॅपची ते बँकेला दिसत नाही. कंपनीचं नाव वेगळं असतं, अ‍ॅपचं वेगळं असतं, आणि एकदा कार्ड दिलं की ते दर महिन्याला आपोआप कापून घेतात. मग तिने विचारलं, "कार्ड कोण कोण वापरतं?"

"खजिनदार," मी म्हणाले. हे उत्तर द्यायला मला क्षणभरही थांबावं लागलं नाही.

कार्ड बंद करून टाका, असा अर्ज मीच लिहिला. त्यावर दुधाळांची सही लागत होती. मी बागेत जाऊन घेतली. त्यांनी न वाचता केली, आणि तेही मला खटकलं. घरी येऊन इंटरनेटवर त्या कंपनीचं नाव टाकलं तर कुठल्याशा बेटावरचा पत्ता निघाला. पुढे काही नाही. गाणी, सिनेमे, पत्ते, ज्योतिष, काय वाट्टेल ते असू शकत होतं. मी मनातल्या मनात दुधाळांना एकेका ठिकाणी बसवून बघितलं. दुपारी एकटेच फोनवर रमी खेळणारे दुधाळ मला इतके स्पष्ट दिसले की ते खरंच खेळतात असं मी धरूनच चालले.

त्याच संध्याकाळी फिरून येताना कुंभोजकर साहेबांनी चालण्याचा वेग कमी केला. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. दुधाळ एक्क्याण्णव साली निलंबित होता. कॅशचीच भानगड. तीन वर्षं घरी होता."

मला हे माहीत नव्हतं. पुढे काय झालं, सुटले की शिक्षा झाली, ते मी विचारलं नाही. साहेबांनीही सांगितलं नाही. पण त्यानंतर दुधाळ बागेच्या फाटकातून आत आले की मला आधी एक्क्याण्णव साल दिसायचं आणि मग माणूस. आठ दिवसांत ते सगळ्यांनाच दिसायला लागलं असावं, कारण त्यांच्या बाकावर कुणी बसेना. सकाळच्या व्यायामाला ते शेवटच्या रांगेत उभे राहत आणि प्रार्थना संपायच्या आत निघून जात. मी स्वतः कुणाला काही बोलले नव्हते. फक्त कुणी विचारलं तर 'तपास चालू आहे' म्हणत होते, आणि ते कसं म्हणायचं ते मला चांगलं येत होतं.

सभेच्या आधीच्या गुरुवारी दुधाळ खोलीवर आले. मी अहवालाचं प्रूफ तपासत होते, आणखी तिघं-चौघं पेपर वाचत बसले होते. त्यांनी खाकी पाकीट टेबलावर ठेवलं.

"मोजून घ्या," ते म्हणाले. "सात हजार एकशे ब्याऐंशी. आणि पावती द्या."

पेपरमागून माना वर झाल्या. मी नोटा मोजल्या. वरच्या दोन रुपयांचं नाणं होतं. पावतीपुस्तक काढलं, नाव लिहिलं, रक्कम लिहिली, आणि 'कशाबद्दल' या रकान्याशी पेन थांबलं. काय लिहू, मी विचारलं.

"कमी पडलं, त्याबद्दल."

मी लिहिलं, 'खात्यातील तुटीपोटी'. त्यांनी पावती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली आणि नमस्कार करून गेले. ते फाटकाबाहेर पडले आणि सगळे एकदम बोलायला लागले. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, की भरले म्हणजे कबूल केलं. मीही तेच म्हणाले, आणि जरा मोठ्यांदा म्हणाले. घरी जाताना मी स्वतःवर खूश होते. तरी रात्री जेवण गेलं नाही. वरणात मीठ जास्त पडलंय असं मी स्वतःला सांगितलं.

आता शनिवार. अठ्ठावीस तारीख.

संघात माझं आणखी एक काम होतं आणि ते माझ्या फार आवडीचं होतं. ज्याचा वाढदिवस असेल त्याचा मी फोनवर बॅनर बनवायचे. फोटो टाकायचा, मागे सूर्योदय नाहीतर फुलांची कमान, बाजूला 'अभीष्टचिंतन', खाली 'शुभेच्छुक: ज्येष्ठ नागरिक संघ परिवार', आणि सकाळी सकाळी ग्रुपवर सोडायचा. पुरुषांच्या डोक्यावर फेटासुद्धा चढवता यायचा. लोक ते बॅनर मुलाबाळांना पुण्याला, बंगलोरला पाठवायचे. ज्यांच्या वाढदिवसाला पूर्वी घरात कुणाला आठवणही नसायची, ते आठवडाभर आधी येऊन मला स्वतःचा बरा फोटो देऊन ठेवायचे. 'बाईंचा बॅनर' म्हणून नाव होतं त्याचं.

त्या दिवशी जंगमताईंची सत्तरी होती. सकाळी चहा घेता घेता मी बॅनरचं 'शुभरंग' अ‍ॅप उघडलं, फोटो निवडला, कमान निवडली, आणि पडद्यावर लाल चौकट आली. तुमच्या कार्डावरून या महिन्याची वर्गणी मिळालेली नाही, ३९९ रुपये, कृपया दुसरं कार्ड द्या.

मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. त्याच क्षणी कळलं. पण मी ती चौकट बंद केली, फोन बंद केला, पुन्हा सुरू केला आणि पुन्हा 'शुभरंग' उघडलं. चौकट तिथेच होती. तिच्या तळाशी बारीक अक्षरात, चष्मा लावूनही डोळ्यांजवळ न्यावं लागेल इतक्या बारीक अक्षरात, ओर्वेन डिजिटल लिहिलं होतं.

मग एकेक आठवायला लागलं. आदल्या वर्षी मार्चमध्ये कुंभोजकर साहेबांची पंच्याहत्तरी होती. 'शुभरंग' सात दिवस फुकट होतं, पण कार्डाचा नंबर टाका म्हणत होतं, तपासणीपुरता एक रुपया घेऊ म्हणत होतं. संघाच्या कार्डाचा नंबर माझ्या वहीत लिहिलेला होता. तो आम्हा सगळ्यांकडेच होता, सहलीची तिकिटं काढायला, लाइट बिल भरायला. ज्याला लागेल तो दुधाळांना फोन करायचा, भाऊ, एक आकडा येईल तो सांगा, आणि दुधाळ कशासाठी न विचारता आकडा वाचून दाखवायचे. मीही तसाच फोन केला होता. त्यांनी सहाही आकडे दोनदा वाचले होते, म्हणजे माझ्याकडून चूक व्हायला नको.

पुढचे दोन तास मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. धुतलेली भांडी पुन्हा घासली. अंगणात गेले, आत आले. कपाट उघडून बंद केलं. एकदा ठरवलं, अ‍ॅप काढून टाकायचं, कुणाच्या बापाला कळणार नाही. त्या चित्रावर बोट दाबून धरलं तेव्हा 'काढून टाकू का?' असं फोननेच विचारलं. मी बोट उचललं. मग हिशेब मांडला, की बॅनर मी स्वतःसाठी थोडेच केले होते? संघासाठीच ना? म्हणजे ही चोरी नाहीच, हा तर संघाचा खर्च झाला. हे पटलं आणि लगेच दुसरं आलं, की मग दुधाळांनी तरी कुठे चोरी केली होती? त्यांना मी काय काय खेळायला बसवलं होतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, त्यांनी पैसे भरले याचा मला त्यांच्यावरच राग आला. घेतले नव्हते तर भरले कशाला? न भरता भांडले असते तर मी कदाचित आणखी नीट शोधलं असतं. असं मी दुपारी बारा वाजता ओट्याला टेकून खरोखर म्हणाले.

जंगमताईंना मी साधं लिहून शुभेच्छा दिल्या. पाठोपाठ ग्रुपवर विचारणा सुरू झाली, बाई, आज बॅनर नाही का? बाई, तब्येत बरी आहे ना? मी फोन उपडा करून ठेवला.

रविवारी सकाळी मी सभेच्या तासभर आधी गेले. कुंभोजकर साहेब माइकची वायर सोडवत होते. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी अजून विसरले नाही. त्यांना कंटाळा आला होता.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "पैसे आलेत. प्रकरण मिटलंय. आता हे काढलंत तर तुमचं नाव खराब, संघाचं खराब, आणि आम्ही सगळे मूर्ख ठरू. दुधाळांना खजिनदारी नकोच होती, ते मला म्हणाले तसं. तुम्ही शांतपणे बसा."

मला सुटल्यासारखं वाटलं, हेही सांगून टाकते. मी पहिल्या रांगेत जाऊन शांतपणे बसले.

साठ-सत्तर लोक जमले. दुधाळ आले, ते मागच्या दाराजवळच्या खुर्चीत बसले. अहवाल वाचला गेला, हिशेब मांडला गेला. मग साहेब माइकवर म्हणाले की या वर्षी खात्यात एक तूट आढळली होती, ती आपल्या चिटणीस बाईंच्या दक्षतेमुळे उघडकीस आली आणि भरूनही निघाली, त्याबद्दल बाईंचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करत आहोत. आणि पुढच्या वर्षासाठी खजिनदार म्हणूनही त्यांचंच नाव सुचवत आहोत. टाळ्या पडल्या. जंगमताई शाल घेऊन माझ्याकडे यायला लागल्या.

शाल माझ्या अंगाजवळ आली तेव्हा मात्र मला ते सोसेना. मी उठले आणि माइक हातात घेतला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"ही तूट दुधाळांची नाही," मी म्हणाले. "माझी आहे. बॅनरच्या अ‍ॅपला मी संघाचं कार्ड दिलं होतं आणि विसरले. दुधाळांनी एक पैसा घेतलेला नाही."

मला वाटलं होतं, छत कोसळेल. तसं काहीच झालं नाही. लोक माझ्याकडे मायेने बघायला लागले. कुणीतरी म्हणालं की बाईंचं मन मोठं आहे. जंगमताई माझ्या कानाशी पुटपुटल्या की कशाला अंगावर घेताय, त्यांना वाईट वाटू नये म्हणून तुम्ही किती कराल. साहेबांनी हसून हात वर केला, बाईंच्या भावना आपण समजू शकतो म्हणाले. आणि मागच्या रांगेतून एकजण उठला आणि त्याने सरळ विचारलं, "ज्यानं घेतले नाहीत तो माणूस भरंल कशाला?"

त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दुधाळांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

मग मी फोन काढला आणि साहेबांच्या हातात दिला. ही लाल चौकट वाचा म्हटलं, मोठ्यांदा वाचा. रक्कम वाचा. तळाचं नाव वाचा. साहेबांनी चष्मा सावरला, दोनदा सावरला, आणि वाचलं. मग मी त्यांच्याच पंच्याहत्तरीचा बॅनर उघडून दाखवला. डोक्यावर भगवा फेटा, मागे सह्याद्रीचे कडे. "हा फेटा तुम्हाला फुकट नव्हता चढवला," मी म्हणाले. "त्याचे पैसे दुधाळांनी भरलेत. तुमच्या सगळ्यांच्या फेट्यांचे."

फोन रांगेतून पुढे गेला. जो तो आपापला बॅनर बघत होता आणि पुढच्याकडे देत होता. मला वाटलं, आता कुणीतरी उठून मागे जाईल. दुधाळांचा हात धरेल.

कुंभोजकर साहेबांनी टाळी वाजवली. एवढा प्रामाणिकपणा आजच्या काळात बघायला मिळत नाही, ते म्हणाले, चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. बघता बघता सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. माझ्यासाठी. त्या टाळ्यांत मी पाहिलं, दाराजवळ बसलेल्या दुधाळांनीही दोन-तीनदा टाळी वाजवली, सभेची रीत म्हणून. त्यांच्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. ती शाल मी खुर्चीवर टाकली आणि मागे गेले.

पर्समध्ये मी सात हजार एकशे ब्याऐंशी रुपये आणले होते. ते त्यांच्यापुढे धरले. त्यांनी आधी खिशातली पावती काढली.

"ही रद्द करा आधी," ते म्हणाले. "आडवं लिहा आणि सही करा."

मी त्यांच्या पिशवीवर पावती ठेवून 'रद्द' लिहिलं, सही केली. मग त्यांनी पैसे घेतले आणि मोजले. मी माफी मागितली, ती त्यांनी ऐकून घेतली. बागेच्या फाटकापर्यंत मी त्यांच्या बरोबरीने चालत राहिले, कारण परत आत जायची माझी छाती नव्हती. फाटकात ते थांबले.

"बाई, एक काम करता का? घरी येता? हौसाला तुम्ही सांगा. माझं ती ऐकायची न्हाई."

रिक्षाने आम्ही मलकापूरला त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी हौसाबाई उंबऱ्याच्या आत फरशीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि बसायला खुर्ची दाखवली. मी खाली, त्यांच्यासमोरच बसले. सगळं सांगितलं. बॅनर, कार्ड, मार्च महिना, तो आकडा वाचून घेतलेला फोन. बँकेत मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या.

"म्हंजी यांनी घेतलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

"नाही, वहिनी."

"मग भरलं कशापायी? माझं भिशीचं पैसं नेलं ह्यांनी. घरावरच्या पत्र्याला ठेवलं होतं. मी काय, कशाला, इचारलं न्हाई. दिलं काढून."

दुधाळ दारातच उभे होते. चप्पलसुद्धा काढली नव्हती. ते बोलले ते माझ्याकडे बघून, पण मला नाही सांगत होते.

"कॅश कमी पडली तर त्याच दिवशी डेपोत भरायची आणि मग घरी जायचं. कुणामुळं कमी पडली ते मागनं बघायचं. समदे कंडक्टर तेच करतात. त्याला कुणी चोरी म्हणत न्हाई. मी एकदाच भरलं न्हाई. एक्क्याण्णव साली, एकशे चाळीस रुपये. माझी चूक न्हवती, म्हणून भरणार न्हाई म्हणून अडून बसलो. त्याची तीन वर्षं झाली. मागनं निर्दोष म्हणून घेतलं परत. पर तवापासनं ठरवलं, भरून मोकळं व्हायचं."

हौसाबाईंचे हात थांबले.

"तीन वर्षं मी लोकाच्या रानात भांगलायला गेले," त्या म्हणाल्या. "कोण काय बोललं तर खाली मान घालून ऐकलं. तुमास्नी कधी इचारलं न्हाई."

"न्हाई इचारलंस."

"निर्दोष म्हणून कागद आला, तवाबी न्हाई इचारलं. म्हटलं, सुटलं ते बरं झालं." त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे बघितलं. माझं तिथे असणं त्या विसरल्या होत्या. "घेतलं होतं का वो, तवा?"

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. अठ्ठावीस वर्षं एका घरात राहून या बाईने हे विचारलं नव्हतं, आणि ती विचारत नाही हे दुधाळांना रोज कळत होतं.

"न्हाई," दुधाळ म्हणाले.

हौसाबाईंनी दोनदा मान हलवली. तोंडावर पदर धरला, पण आवाज केला नाही. दुधाळांनी चप्पल काढली, आत आले, त्यांच्या शेजारी फरशीवर बसले आणि समोरच्या ढिगातली एक शेंग उचलून फोडायला लागले. काही वेळाने हौसाबाईंनीही हात पुढे केला. दोघं शेंगा फोडत राहिली. मला कुणी ऊठ म्हटलं नाही, कुणी चहा घ्या म्हटलं नाही. मी तशीच बसून राहिले आणि मग मीही एक शेंग उचलली.